छाती दाबायची म्हणजे?

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नागपुरातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. आमचं घर प्रताप नगरात, नवीनच बांधलेलं. आजूबाजूला अजून मोकळे प्लॉट होते. तिथून मी सायकलने यायचे आणि एप्रिल लागला की डोक्याला, कानांना ओढणी गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून यायचे. नागपुरात सगळेच तसे हिंडतात.

आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. वय पंचेचाळीस-सत्तेचाळीस, अंगाने सडपातळ. महाल भागाच्या पलीकडे विणकरांच्या वस्तीत राहायचे. पहाटे उठून दोन तास घरच्या हातमागावर बसायचे आणि मग डबा घेऊन बरोबर साडेनऊला प्रयोगशाळेचं दार उघडायचे. बोटांना सुताची सवय, त्यामुळे बेडकाची बारीक नस मोकळी करायची तर विद्यार्थी माझ्याआधी त्यांना हाक मारत. मी फळ्यावर अर्धा तास जे समजावून सांगायचे, ते भाऊ एका वाक्यात उरकायचे. "कात्री निजवून चालव गा, उभी नको धरू."

दर वर्षी मी मुलांना एक प्रयोग दाखवायचे. बेडकाचं हृदय काढून क्षाराच्या पाण्यात ठेवलं की ते शरीराबाहेरही बराच वेळ धडधडत राहतं. पहिल्यांदा बघणारी मुलं गप्प होतात. मी मग हृदयाला वेग देणारी गाठ कुठे असते, ठोका कुठून सुरू होतो, कुठे जातो, ते सांगायचे. विषय माझ्या आवडीचा होता आणि तो मला चांगला येतो असा माझा समज होता.

त्या दिवशी विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक आले होते. पंप बंद पडल्यामुळे भाऊंनी सकाळपासून खालच्या हौदातून बादल्या भरून दुसऱ्या मजल्यावर आणल्या होत्या. अकराच्या सुमाराला ते माझ्याकडे आले.

"म्याडम, खायचा सोडा भेटन का कुठी? पोटात ग्यास धरून राह्यला. इथपर्यंत आला." त्यांनी छातीच्या मधोमध हात ठेवला.

मी कॅन्टीनमधून चिमूटभर सोडा मागवला. त्यांनी तो पाण्यात टाकून घेतला. चेहऱ्यावर घाम होता, पण एप्रिलमध्ये घाम कोणाला नसतो? मी म्हटलं, "थोडं बसा भाऊ." ते म्हणाले, "दुसरी ब्याच लावून देतो, मंग बसतो."

दुसऱ्या तुकडीच्या ट्रे मांडता मांडता ते सिंकजवळ कोसळले. आवाज फारसा झाला नाही. एक मुलगी ओरडली म्हणून मी वळले.

"ऊन लागलं! ऊन लागलं!" कोणीतरी म्हणालं आणि मग सगळेच तेच म्हणू लागले. नागपुरात उन्हाळ्यात माणूस पडला की दुसरं काही कोणाच्या मनात येतच नाही. कॅन्टीनवाला कांदा फोडून घेऊन धावला. कोणी तो नाकाशी धरला, कोणी त्याचा रस तळपायांना चोळला. ओला टॉवेल कपाळावर आला. परीक्षक बिचारे उत्तरपत्रिकेच्या पुठ्ठ्याने वारा घालत होते. कैरीचं पन्हं आणायला एक जण घरी पळाला. मी भाऊंचं मनगट हातात धरून बसले होते. नाडी लागत नव्हती. मला वाटलं, माझंच बोट चुकतंय. मी बोट सरकवून सरकवून शोधत राहिले.

अशी पंधरा मिनिटं तरी गेली. मग कोणी तरी म्हणालं, दवाखान्यात न्या. न्यायचं कशावरून? कॉलेजात स्ट्रेचर नव्हतं. चार मुलांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून जिना उतरवला. मान एका बाजूला पडत होती, ती मी धरली होती. फाटकाशी सायकलरिक्षा मिळाली. मी त्यांना खांद्याशी घेऊन बसले. रिक्षावाला पॅडलवर उभा राहून, सगळं अंग टाकून रिक्षा मारत होता. ऊन असं होतं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने दोन मिनिटांत मान हलवली.

"किती वेळ झाला पडून?"

"अर्धा तास झाला असेल."

"छाती दाबली का कोणी?"

मी विचारलं, "छाती दाबायची म्हणजे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या पांढऱ्या ॲप्रनकडेही पाहिलं असावं, तो काढायचा राहूनच गेला होता. "तुम्ही काय करता?"

"कॉलेजात शिकवते. प्राणिशास्त्र."

तो कागद घेऊन लिहायला लागला.

घरी सांगायला मी आणि आमचे वयस्क हेडक्लार्क गेलो. भाऊंची बायको ओसरीत बसून कांड्या भरत होती, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळत होती. हेडक्लार्क चपला काढत रेंगाळले. शेवटी मीच सांगितलं. तिने चरखा थांबवला आणि विचारलं, "सकाळी सोडा घेतला काय त्याईनं?"

मी हो म्हटलं.

"घरूनही घेऊन गेल्ते," ती म्हणाली. मग तिला रडू फुटलं.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मला झोप लागायची नाही असं काही नाही, लागायची. पण दुपारी एकटी असले की डॉक्टरचा प्रश्न आठवायचा. मला राग त्याचा नव्हता. हृदयावर दोन धडे शिकवणाऱ्या बाईला थांबलेल्या हृदयाचं काय करायचं हे ठाऊक नाही, हे खरंच होतं. जूनमध्ये मी पुन्हा त्या दवाखान्यात गेले आणि त्याला शोधून काढलं. त्याने मला ओळखलं.

"मला शिकवा," मी म्हटलं.

"काय?"

"छाती दाबायची म्हणजे काय ते."

त्याने मला दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं आणि जमिनीवर दोन उशा एकावर एक ठेवून दाखवलं. माणूस पलंगावर नाही, कठीण जमिनीवर निजवायचा. छातीच्या मधल्या हाडावर, खालच्या बाजूला, तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवायचा. कोपर वाकवायचं नाही. अंगाचा सगळा भार द्यायचा. "घाबरत घाबरत दाबाल तर काही उपयोग नाही. बरगडी मोडली तरी चालेल," तो म्हणाला. मग मी विचारलं म्हणून त्याने एका कागदावर यादी करून दिली. चाकांच्या गाड्यावरचं ऑक्सिजन सिलिंडर आणि मास्क, हाताने दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी, स्ट्रेचर, रक्तदाब बघायचं यंत्र. "विजेचा झटका देऊन हृदय सुरू करणारं मशीन असतं, ते मोठ्या दवाखान्यातच. पण तुम्ही माणूस इथवर आणाल तर आम्ही ते वापरू ना."

प्राचार्य सज्जन गृहस्थ होते. यादी त्यांनी दोनदा वाचली.

"गोष्ट चांगली आहे. पण हे कुठल्या शीर्षाखाली मागायचं? प्रयोगशाळेत बसत नाही, क्रीडेत बसत नाही, ग्रंथालयात तर नाहीच नाही."

"माणूस कॉलेजातच गेला ना सर?"

"गेला. म्हणूनच मी अर्जावर सही करतो. पण वरून काय येईल ते मला आताच माहीत आहे."

त्यांना बरोबर माहीत होतं. तीन महिन्यांनी उत्तर आलं की सदर बाब अनुदानास पात्र नाही. मी दुसरा अर्ज लिहिला. त्यावर विचारणा आली की महाविद्यालयात वैद्यकीय अभ्यासक्रम शिकवला जातो काय? नसल्यास सदर साहित्याची आवश्यकता स्पष्ट करावी. मी दोन पानं स्पष्ट केली. त्याचं उत्तर आलंच नाही.

मधल्या काळात भाऊंच्या जागी त्यांच्या बायकोला कामावर घेतलं होतं. आम्ही तिला वहिनी म्हणू लागलो. चौथी शिकलेली, तिशी-पस्तिशीची, उंच आणि हाडापेराने मजबूत. पहिले पंधरा दिवस ती बेडकांच्या टाकीकडे बघायचीही नाही. मग एक दिवस स्वतःच टाकी धुऊन काढली. "घरी उंदरं मारतो तर याईले काय भ्यायचं," म्हणाली.

मी दुपारच्या सुट्टीत काही मुलांना छाती दाबायला शिकवू लागले होते. उशी सारखी सरकायची. वहिनींनी दोन दिवस ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी घरून एक बाहुला घेऊन आल्या. जाड्याभरड्या कापडाचा, माणसाच्या धडाएवढा, आत मागावरचं टाकाऊ सूत ठासून भरलेलं. छातीच्या जागी बांबूच्या पट्ट्या शिवल्या होत्या.

"हे काहून केलं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"पोट्टे उशीवर हसून राहिले, बाई. हसण्यावारी न्यायची गोष्ट हाये का हे?" आणि मग पदर खोचून खाली बसल्या. "मलेही शिकवा."

त्यांना पहिल्याच दिवशी जमलं. मागाची फणी ठोकणाऱ्या घरातली बाई. ताल आणि जोर दोन्ही हातात होते. मुलं दमून जायची, त्या दमायच्या नाहीत.

डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. दोन-तीन आठवडे गाव जीपगाड्या, बांबूचे अडथळे आणि बाहेरगावच्या माणसांनी भरून जातं. मोर्चे निघतात. कामं असलेले लोक सकाळी सकाळी आमदार निवासाच्या व्हरांड्यात जाऊन बसतात. हेडक्लार्कांनी मला सुचवलं, "मॅडम, कागदानं होत नसलं तर तोंडानं सांगून पाहा. आपल्याच भागातले एक आमदार आहेत, ऐकून घेतात म्हणे."

मी वहिनींना बरोबर चला म्हटलं. त्या ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसून आल्या, घरच्या मागावरचं. दीड तास आम्ही व्हरांड्यात उभ्या होतो. आत बोलावलं तेव्हा आमदारसाहेब खाटेवर मांडी घालून तर्री-पोहे खात होते. साठीचे, खेड्यातले, बोलायला मोकळे.

मी सगळं सांगितलं. त्यांनी खाता खाता ऐकलं.

"मले एक सांगा, म्याडम," ते म्हणाले. "हे सामान आलं तर माणूस वाचनच याची ग्यारंटी हाये काय?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कसं सांगू? "पण वाचायची संधी मिळेल."

"हं. सभागृहात संधी-बिंधी चालत नाही. तिथं विचारतात, किती वाचले?"

तेवढ्यात वहिनी दारातून दोन पावलं पुढे आल्या.

"साहेब, मी बोलू काय?"

"बोला ना, बाई."

"आमच्या कॉलेजात सरकारच्या पैशातून बेडकं येतात. त्याईचं काळीज काहाडून पोट्ट्याईले दाखवतात, कसं चालते म्हणून. ते मीच मांडून देतो रोज. माह्या मालकानं आठ वर्सं मांडलं. बेडकाच्या काळजासाठी सरकारनं पैसे देल्ले, साहेब. माणसाच्या काळजासाठी काहून नाही?"

आमदारसाहेबांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "कागद द्या तुमचा."

बाहेर आल्यावर मी वहिनींना म्हटलं, "तुम्ही हे घरून ठरवून आला होता?"

"नाई वं बाई. ते पोहे खाऊन राह्यले होते, म्हून राग आला."

त्यांनी मला मैत्रिणीसारखं 'वं' म्हटल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि त्या ओशाळल्या. मला बरं वाटलं होतं, पण तसं मी बोलून दाखवलं नाही.

सभागृहात प्रश्न विचारला गेला. उत्तर मिळालं की माहिती गोळा करण्यात येत आहे. आम्ही समजलो, संपलं. पण मार्चच्या मध्यावर एक पत्र आलं. काही निवडक महाविद्यालयांना प्रथमोपचार साहित्यासाठी एकवेळचं अनुदान मंजूर करण्यात येत आहे आणि ते एकतीस मार्चच्या आत खर्च करणं बंधनकारक आहे. यादीत आमचं नाव होतं. आठ-नऊ महिने कोणाला घाई नव्हती आणि आता पंधरा दिवसांत सगळं व्हायला हवं होतं. मी आणि हेडक्लार्क सीताबर्डीच्या दुकानांतून उन्हात फिरलो. रबरी पिशवी नागपुरात मिळेना. ती मुंबईहून रेल्वे पार्सलने आली, तीस तारखेला.

सिलिंडरला प्राचार्यांच्या हस्ते हार घातला. फोटो काढला. फोटोत वहिनींना शेवटी उभं केलं होतं. प्राचार्यांनी हात धरल्यासारखं करून त्यांना मध्ये बोलावलं, हे मला त्यांचं फार आवडलं.

आणि दुसऱ्या दिवशी भांडारपालांनी सगळं सामान लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"हे काय?" मी विचारलं.

"सरकारी वस्तू आहे, मॅडम. नोंदवहीत चढवली आहे. हरवली तर जबाबदार मी."

"अहो, माणूस पडल्यावर तुम्हाला शोधत फिरायचं का?"

"मी इथंच असतो की."

मी भांडले, पण फार नाही. प्राचार्यांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते आणि त्यांना वाद नको होता. नवीन प्राचार्य आले, त्यांना या कपाटात काय आहे तेच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मीही सवयीने गप्प बसले. माझं लग्न झालं, मुलगी झाली, परीक्षा, पेपर तपासणं. सिलिंडर दर वर्षी भरून आणायचं काम मी करायचे. त्यासाठी अनुदान नव्हतं. आम्ही शिक्षक आपसांत वर्गणी करायचो. कुलूप काढायचं, सिलिंडर भरायचं, पुन्हा कुलूप. मुलांना बाहुल्यावर शिकवणं मात्र आम्ही सोडलं नाही. ते बहुतेक वेळा वहिनीच करायच्या. दर जुलैमध्ये नवीन मुलांना ओळीने बसवून म्हणायच्या, "हात सरळ ठेव वं! भाकर नाही थापायची!"

मग आठवतात ते चार-पाच वर्षांनंतरचे प्रवेशाचे दिवस. जूनचा शेवट, पाऊस लांबलेला, हवेत उमस. ऑफिसच्या खिडकीपासून फाटकापर्यंत पालकांची रांग. एक पन्नाशीचे गृहस्थ मुलीचा फॉर्म हातात घेऊन उभे होते, ते तसेच पुढच्या माणसाच्या अंगावर कलले आणि खाली गेले.

मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होते. मला ऐकू आलं ते तेच. "ऊन लागलं! पाणी आणा! कांदा आणा!"

आणि त्यावर वहिनींचा आवाज. "ऊन नाही गा! सरका बाजूले! हवा येऊ द्या!"

मी पोचले तेव्हा त्या गुडघ्यावर बसून दाबायला लागल्या होत्या. मोठ्याने आकडे म्हणत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाई, कपाट!"

मी भांडारात धावले. भांडारपाल बँकेत गेले होते. किल्ली त्यांच्या खिशात. मी वर प्रयोगशाळेत गेले, परीक्षानळ्या लावायचा लोखंडी स्टँड उचलला आणि परत येऊन त्याच्या जड बुडाने कुलपावर घाव घातले. चौथ्या घावाला कोयंडाच निघाला. ऑफिसातले दोघे-तिघे नुसते बघत होते. मी ओरडले, "स्ट्रेचर घ्या!" तेव्हा ते हलले.

रबरी पिशवीने मी श्वास देत होते, वहिनी दाबत होत्या. गृहस्थांची मुलगी भिंतीला टेकून उभी होती. रसायनशास्त्राचा माल टाकायला एक टेम्पो आला होता. ड्रायव्हरने खोकी भराभर उतरवून टाकली. मागच्या पत्र्यावर स्ट्रेचर ठेवलं, आम्ही दोघी दोन्ही बाजूंना. रस्ताभर वहिनी थांबल्या नाहीत. एका चौकात टेम्पो जोरात वळला तेव्हा त्यांचं डोकं कडेवर आपटलं, तरी हात जागचे हलले नाहीत. मध्येच मला त्यांच्या हातांखाली काही तरी मोडल्याचा आवाज आला.

"मोडली वाटते," त्या म्हणाल्या.

"मोडू द्या. दाबा."

दवाखान्यात त्या गृहस्थांना विजेचे झटके दिले. आम्ही बाहेर बाकावर बसलो. तासाभराने नर्स येऊन म्हणाली, "ठोका आलाय. पण अजून काही सांगता येत नाही."

ते वाचले. डॉक्टर म्हणाले, शंभरातल्या कोणाच्या तरी नशिबात असतं, यांच्या होतं. तीन आठवड्यांनी ते घरी गेले आणि दिवाळीच्या सुमाराला बायकोला घेऊन कॉलेजात आले. पेढे आणले होते. कामठीला त्यांचे यंत्रमाग होते. हे ऐकल्यावर मी नकळत वहिनींकडे पाहिलं, कारण यंत्रमागांपुढे टिकाव लागेना म्हणून त्यांनी घरचा हातमाग आदल्याच वर्षी मोडीत काढला होता. नंतर मी तसं बोललेही.

"मंग काय, दाबू नव्हतं काय?" वहिनी म्हणाल्या, आणि तो विषय तिथंच संपला.

गृहस्थ मात्र बसल्या बसल्या सारखे छातीच्या डाव्या बाजूला हात लावत होते. दोन बरगड्या मोडल्या होत्या. "श्वास घेतला की अजून कळ येते हो," त्यांनी तक्रार केली. त्यांची बायको म्हणाली, "श्वास येते ना? मंग गप बसा."

पेढ्यांच्या आधी मला एक मेमो मिळाला होता. सरकारी कपाटाचं नुकसान केल्याबद्दल खुलासा करावा. मी खुलाशात जे घडलं ते लिहिलं आणि खाली लिहिलं की पुन्हा तसा प्रसंग आल्यास मी पुन्हा तेच करीन. नवीन प्राचार्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी खुलासा वाचला, फाइलमध्ये लावला आणि विचारलं, "कपाट कुठं हवंय तुम्हाला?"

ऑफिसच्या समोर, जिन्याखाली नवं कपाट आलं, काचेच्या दाराचं. कुलूप नाही. आतलं काही कधी चोरीला गेलं नाही.

इथंच थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण त्यानंतर दोन वर्षांनी आमचा एक तरुण सहकारी, भौतिकशास्त्राचा, वर्गात शिकवता शिकवता पडला. पस्तिशीही झाली नव्हती. या वेळी कांदा कोणी आणला नाही. त्याच्याच वर्गातल्या दोन मुलींनी, ज्या वहिनींच्या हाताखाली शिकल्या होत्या, लगेच सुरू केलं. सिलिंडर दोन मिनिटांत आलं, स्ट्रेचर आलं, गाडी मिळाली. जे जे करायचं ते सगळं वेळेवर झालं, आणि तो गेला. दवाखान्यात त्यांनीही पाऊण तास प्रयत्न केला.

त्या दोन मुली फार रडल्या. त्यांना वाटत होतं, आपलंच काही चुकलं. मी त्यांना समजावलं, पण माझ्या बोलण्यात दम नव्हता, कारण मलाही आतून तसंच काहीसं वाटत होतं. एवढी वर्षं अर्ज, मोर्च्यांच्या गर्दीतून वाट काढत जाणं, तो बाहुला, ते कुलूप, आणि शेवटी काय?

शोकसभा झाली त्या दिवशी संध्याकाळी प्रयोगशाळेत मी आणि वहिनी दोघीच होतो. त्या ट्रे पुसून एकावर एक रचत होत्या. मग पाठमोऱ्याच बोलल्या.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"त्या सरांचं सारं बराबर झालं. तरी गेले. म्हणजे तेव्हा, आमच्या मालकाच्या टाइमाले, आपल्याले हे सारं येत असतं, तरी ते वाचलेच असते असं नाही ना?"

मी विचार करून उत्तर दिलं. त्यांच्या समाधानासाठी बोलायचं नव्हतं. "नाही वहिनी. वाचलेच असते असं नाही."

"व्हय ना?"

"वाचले असते, किंवा नसतेही. सांगता येत नाही."

त्यांनी शेवटची ट्रे ठेवली आणि फडकं पिळून खिडकीत वाळत घातलं. "मले इतके दिवस वाटे, मी त्याईले सकाळी सोडा देल्ला, दवाखान्यात नाही नेलं, म्हणून गेले. दरसाल पोट्ट्याईले शिकवताना तेच डोक्यात राहे."

मीही भाऊंना त्या सकाळी सोडा दिला होता. तो मीच मागवला होता हे मी वहिनींना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हा नुसतं हो म्हटलं होतं. आता सांगितलं.

वहिनी वळल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही देल्ला होय?"

"हो."

"घरचा एक आन् कॉलेजचा एक," त्या म्हणाल्या. "दोघी सारख्याच येड्या." त्या हसल्या नाहीत, पण आवाज मऊ होता. मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, सहाची बस चुकली तर पुढची साडेसातला आहे, आणि पिशवी उचलून भरभर जिना उतरून गेल्या. मी दिवे बंद केले.